पुण्याचं शेवाळ

वन्सं, काल तेरावं झालं. पाहुणे गेले, मागून आणलेली पातेली ज्याची त्याला परत गेली, आणि आज सकाळी मी टाक्याच्या काठावर येऊन बसले. पाणी स्वच्छ आहे हे आधी सांगते, कारण तुम्ही पहिलं तेच विचारलं असतंत. तळ दिसतोय. उत्तरेच्या कडेला दगडावर हिरवी साय आहे, ती तुमच्या हुकमाने राखलेली आहे.

एवढे दिवस लोक येत होते. त्यांनी तुमचं वय विचारलं, दुखणं विचारलं, शेवटी जवळ कोण होतं ते विचारलं. मला मात्र एकच गोष्ट विचारायची होती, आणि जिला विचारायची तीच उठून गेली. लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात तुम्ही एक शब्द दोनदा उच्चारलात. 'पुन्याचं.' एकदा माझ्या तोंडावर आणि एकदा आत्याबाईंसमोर, तुमच्या आईसमोर. तो शब्द पुणे गावचा होता की पाप-पुण्यातल्या पुण्याचा? तुमच्या जिभेला न आणि ण एकच. पण शुद्ध बोलणाऱ्याच्या तोंडीसुद्धा हे दोन शब्द 'पुण्याचं' म्हणताना एकच होतात, ही आपल्या भाषेची खोडी. या शब्दावर माझा संसार एका सकाळी टांगलेला होता. तेव्हा मला विचारायचा हक्क आहे.

पानशेत फुटायच्या दोन वर्षं आधी मी तुमच्या घरात आले. सतरा वर्षांची, सातवी पास, पुण्याची. ती मुलगी आज समोर आली तर मी तिचं दोन मिनिटं ऐकून घेईन आणि मग तिला पाणी शेंदायला पाठवीन. वडील एका मोठ्या बागेत माळ्यांचे मुकादम होते, म्हणून झाडा-पाण्यातलं आपल्याला सगळं कळतं असा तिचा समज. मुठा नदी ती पुण्यात पुलावरून बघत वाढली होती. ती कुठून येते हे तिला या खोऱ्यात येईपर्यंत माहीत नव्हतं, तरी म्हणायची, "आमची नदी." तुम्ही भाकरी थापता थापता म्हणालात, "व्हय, आमी वापरून खाली सोडतो, तीच."

मला त्या दिवशी तुमचा इतका राग आला की मी भाकरी खाल्ली नाही. संध्याकाळी दोन खाल्ल्या.

तुम्ही नवऱ्याच्या थोरल्या बहीण. भुकूमला दिलेल्या, आणि चार वर्षांत परत आलेल्या. का ते घरात कुणी बोलत नसे, पण मूल नव्हतं हे सगळ्यांना दिसत होतं. घरात तुमच्या मालकीचं असं काही नव्हतं. होतं ते हे टाकं. म्हणजे ते घराचंच, पण राखायच्या तुम्ही. खडकात खोदलेलं, ओसरीएवढं लांब-रुंद, पुरुषभर खोल. वरचा झरा त्यात उतरायचा. प्यायला आड वेगळा. टाक्याचं पाणी गुरांना, धुण्याला, परसातल्या झाडांना. होळीनंतर झरा बारीक व्हायचा, आणि मग साचलेल्या पाण्यावर मृगापर्यंत सहा जनावरं आणि त्यात एक गाभण म्हैस अशी काढायची. म्हणून उन्हाळ्यात ते पाणी म्हणजे घरातलं एक माणूसच. त्याची तब्येत रोज विचारायची.

त्या टाक्यात बोटाएवढे मासे होते. मला आईने निघताना सांगितलं होतं की रोज माशांना चार शितं घालत जा, पुण्य लागतं, कूस उजवते. चार शितं म्हणाली होती माऊली. पण सतरा वर्षांच्या बयेला घाई होती. ती आपल्या पानातला मूठभर भात राखायची आणि दुपारी सगळ्या जरा आडव्या झाल्या की टाक्यावर जाऊन टाकायची. आंबेमोहोर भात, हो. मासे दोन घास घ्यायचे आणि उरलेला तळाला जायचा. दुसऱ्या दिवशी मी आणखी टाकायचे, म्हणजे लवकर पुण्य साठेल.

फाल्गुन सरता सरता टाकं हिरवं पडलं. आधी कडांना केस फुटल्यासारखं, मग वर तवंग, मग सगळं पाणीच मुगाच्या वरणासारखं. गुरं तोंड लावून परत फिरायला लागली. मी हात लावून बघितलं, बुळबुळीत. "ई," म्हटलं, "पुण्यात असलं नसतं."

तुम्ही काठावर उकिडव्या बसला होतात. बोटावर थोडं हिरवं घेऊन वास घेतलात, तळाकडे बघितलंत, मग माझ्याकडे बघितलंत.

"हे पुन्याचं शेवाळ हाय," म्हणालात.

झालं. मी पुण्याची, घाण माझी. मी चार दिवस तुमच्याशी बोलले नाही. पण रात्रंदिवस मनात दुसरंही खुपत होतं. यांना माझा भात दिसला असेल का? पुण्यासाठी टाकलेला भात, त्याचं शेवाळ, असं म्हणायचं असेल का? आणि ते पुण्य मला कशासाठी हवं होतं हे त्यांना, त्यांनाच, कळलं असेल तर? पुणे म्हणावं तर अपमान होत होता. पुण्य म्हणावं तर त्याहून वाईट वाटत होतं, कारण मग मी ज्या बाईसमोर लपून मूल मागत होते ती भुकूमहून रिकाम्या हाताने परत आलेली होती. मी पुणे धरलं. रागावणं सोपं असतं.

मग शहाणीने उपाय सुरू केले. रोज सकाळी रोवळीने तवंग गाळून काढायचा. काढला की संध्याकाळपर्यंत पाणी जरा बरं, सकाळी पुन्हा तसंच. आठ दिवस काढला. माझा हात हिरवा झाला, टाकं होतं तसंच राहिलं. तुम्ही जाता-येता बघायचात. नुसतं एकदा म्हणालात, "डोस्क्याचं केस कापलं म्हंजी वाढायचं थांबत्यात व्हय?"

आता जे लिहिते ते आपल्या दोघींत कधी बोललं गेलं नाही. वडिलांच्या बागेत कारंज्याच्या हौदाला शेवाळ धरलं की ते मोरचूद टाकत. निळे निळे खडे, दिसायला खडीसाखरेची सवतच. माघात माहेरी गेले तेव्हा मी त्यातली एक पुडी मागून आणली होती, माहेरची ऐट दाखवायला असावी म्हणून. वडील म्हणाले होते, "चिमूटभर, आणि मासे नसतील तिथेच." शहाण्या माणसाला निम्मं ऐकायची सवय असते. मला 'टाक' एवढं आठवलं. मोरचूद मी टाकला, वन्सं. चिमूट नाही, पुडी.

पहिल्या दिवशी पाणी काचेसारखं झालं. मी काठावर उभी राहून हसले, अगदी एकटी. तिसऱ्या दिवशी सकाळी मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. बेडकाची पिल्लं, गोगलगाई, सगळं. मेलेलं शेवाळ तळाला कुजत होतं आणि वास ओसरीपर्यंत आला होता.

आत्याबाई आल्या. त्यांनी एकदा टाक्याकडे बघितलं, एकदा दावणीच्या म्हशीकडे. म्हैस दीड महिन्यात व्यायची होती. त्यांचा आवाज कधी चढत नसे, ते जास्त भीतीचं.

"ज्यानं हे केलं," त्या म्हणाल्या, "त्यानं आपलं गाठोडं बांधावं. पौडची गाडी दुपारला हाय."

ती गाडी पुढे पुण्याला जायची. अंगणात आपण तिघीच.  पुडीचा निळा कागद मी टाक्यामागच्या खबदाडीत टाकला होता आणि तो तुमच्या कमरेला खोचलेला मला दिसत होता. एक कोपरा बाहेर. तुम्ही तो पदराखाली सरकवलात.

"पुन्याचं काम हाय हे, आये," तुम्ही म्हणालात. "भल्यासाटी केलं, अंगाशी आलं."

वन्सं, सांगितलंत, असं वाटलं. पुण्याचं काम, म्हणजे माझं. झालं, आता गाठोडं. पण आत्याबाई तुमच्याकडेच बघत राहिल्या आणि म्हणाल्या, किती डाव सांगितलं तुला, नवसाचं-उताऱ्याचं काही टाक्यात सोडू नगंस. त्यांना पुण्य ऐकू आलं होतं. तुम्हाला न झालेल्या पोरासाठी तुम्हीच काही सोडलंत असं त्या समजल्या. तुम्ही खाली बघितलंत आणि ते नाकारलं नाहीत. तुम्हाला त्या कुठे घालवणार? तुमची गाडी आधीच येऊन गेली होती.

तर माझा सवाल हा. ते वाक्य तुम्ही कुठल्या बाजूने टाकलं होतंत? मला सांगून टाकायला निघालात आणि आत्याबाईंनी भलतं ऐकलं? की त्या भलतंच ऐकतील हे जाणून बोललात? एकाच शब्दात खरंही सांगितलंत आणि मला वाचवलंतही, हे ठरवून केलंत की तोंडातून निघून गेलं?

त्या दुपारी तुम्ही मला एवढंच म्हणालात, "चल, कळशी घे."

आठ दिवस आपण दोघींनी टाकं उपसलं. ते पाणी शेतात नाही, झाडाला नाही, वरच्या उघड्या खडकावर नेऊन ओतायचं, हे तुम्ही ठरवलंत. तळाची राड खरवडून तीही लांब टाकली. तोवर जनावरं रोज खाली नदीवर न्यायची, गाभण म्हशीला उतारावर सावरत. मालक मला काही म्हणाले नाहीत, आपली बहीण चुकली एवढंच त्यांना माहीत. ते तुम्हाला दोन दिवस टाकून बोलले. मी तेही ऐकलं आणि कळशी उचलली. तोंड उघडलं नाही. घाबरटपणात ती मुलगी पहिल्या नंबरने पास झाली असती.

रिकाम्या टाक्याच्या काठावर, नवव्या दिवशी, तुम्ही गोठ्यामागून चार मडकी आणलीत. कुणाचा कान फुटका, कुणाचा गळा. मला वाटलं आता शिक्षा. तुम्ही चारही मडक्यांत आडाचं पाणी भरलंत आणि मी आधी रोवळीने काढलेल्या, कडेला वाळलेल्या शेवाळाची चिमूट चिमूट प्रत्येकात सोडलीत. पहिलं उन्हात ठेवलंत, नुसतं. दुसरं उन्हात, आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "ह्यात तुजा भात टाक."

म्हणजे दिसला होता.

तिसरं सावलीत, भात घालून. चौथं उन्हात, भात घालून, पण त्यात गेल्या वर्षीच्या पेंढ्याची सैलसर गुंडाळी सोडलीत. जुना, पावसाने एकदा भिजून वाळलेला पेंढा. नवा मी देत होते, तो तुम्ही घेतला नाहीत.

मी शाळेची वही काढली. रोज सकाळी मी मडक्यांसमोर तपासनिसासारखी उभी राहायचे आणि लिहायचे. तुम्हाला लिहिता येत नव्हतं, तुम्ही मडक्यावर कोळशाने रेघ मारायचात. एक रेघ म्हणजे वाईच हिरवं, दोन म्हणजे बरंच. भाताचं उन्हातलं मडकं सगळ्यांत आधी हिरवंगार. नुसतं उन्हातलं पुष्कळ दिवसांनी, तेही फिकं. सावलीतलं आंबलं, वास मारायला लागलं, पण हिरवं झालं नाही. आणि पेंढ्याचं पाणी चहासारखं तांबूस झालं, आणि तसंच राहिलं. शेजारचं मडकं माजलेलं आणि हे आपलं शांत.

मी आयुष्यात प्रथम काहीतरी बघितलं असेन तर ते त्या काठावर. शाळेत मी वाचलं होतं पुष्कळ. बघितलं नव्हतं.

"ह्याला दोनच गोष्टी लागत्यात," तुम्ही म्हणालात. "खायाला आन् ऊन. एक काडून घे, दुबळं हुतंय. दोन्ही काडून घे, जातंय."

"आणि पेंढा?"

"त्याचं मला ठावं न्हाई."

हे तुमचं मला फार आवडलं, पण तेव्हा सांगितलं नाही. मी लगेच सिद्धांत मांडला: पेंढ्याने पाणी तांबूस होतं, त्यामुळे ऊन खाली जात नाही, म्हणून शेवाळ येत नाही. तुम्ही मान हलवलीत. म्हणालात, चहाची पूड टाकून बघ मग. मी घरातल्या चहाची वापरलेली पूड पाचव्या मडक्यात टाकली. पाणी पेंढ्याच्या पाण्याइतकंच तांबूस झालं, आणि नंतर त्यात मजेत शेवाळ आलं. मी म्हटलं, रंग कमी पडला. तुम्ही म्हटलंत, पेंढा पाण्याला काहीतरी सांगतोय. मी हसले. पेंढा बोलतो म्हणे. हे भांडण आपण किती वर्षं चालवलं.

मृगात टाकं भरलं आणि मग आपण ते नव्याने बसवलं. आता लोक तळ्यात काय काय औषधं ओततात, म्हणून हे जरा सावकाश लिहिते. गोठ्याचं पाणी पावसात उतरून टाक्यात यायचं, हे इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. शेणा-मुताचं पाणी म्हणजे शेवाळाला पंचपक्वान्न. तुम्ही वरच्या अंगाला चर काढलात आणि ते पाणी परसातल्या केळीकडे वळवलंत. केळीने त्या वर्षी असा घड दिला की आत्याबाईंनी तुम्हाला माफ केलं. दक्षिणेच्या काठावर मांडव घातला, त्यावर घोसाळ्याचा वेल चढवला, म्हणजे भर दुपारचं ऊन निम्म्या पाण्यावर पडू नये. पाण्यात कमळाचा एक गड्डा टोपलीत मातीसकट बसवला, त्याची पानं पसरली तशी आणखी सावली. भातखाचरातून गोगलगाई आणल्या, नदीतून हंडीत मासे. होळी आली की जुन्या पेंढ्याच्या दोन सैल गुंडाळ्या दगड बांधून सोडायच्या, शेवाळ यायच्या आधी. आल्यावर सोडून उपयोग नाही. आणि पेंढा काळा पडून लिबलिबीत व्हायला लागला की काढून टाकायचा, नाहीतर तोच खाणं व्हायचा.

त्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात थोडं आलंच. मी रोवळी घेऊन धावले. तुम्ही मनगट धरलंत.

"सगळं काडायचं न्हाई. थोडं र्‍हाऊ द्यावं. पिल्लांनी काय खायाचं?"

"थोडं म्हणजे किती?"

"तळ दिसंल इतकं."

माझी एक खोड तेवढ्याने गेली नाही. माझ्याकडे वडिलांनी दिलेल्या शेवंतीच्या आणि गुलाबाच्या काड्या होत्या, रॉकेलच्या डब्यांत लावलेल्या. आणि दारात तुळस. सकाळी तुळशीला तांब्या, संध्याकाळी तांब्या, एकादशीला जास्त. शेवंतीलाही तुळशीच्या नशिबाचं मिळायचं. डब्यांतली माती वरून हिरवी चिकट झाली, तुळशीचा कट्टा शेवाळला, मुळ्या गुदमरून पानं पिवळी पडली. मी आणखी पाणी घातलं. तुम्ही मला पळी आणून दिलीत. देवाला पळीभर पुरतं, म्हणालात, झाडाला काय हवं ते बोट खुपसून त्यालाच इचार. वरची हिरवी माती खरवडली, भाताचं तूस पसरलं, तुळशीला रोज पळी आणि शेवंतीला बोट कोरडं निघेल तेव्हाच. पंधरा दिवसांत हिरवं वाळून पापुद्रे सुटले.

पण त्या आधी माझी आई आली. पायरी चढताना तुळशीच्या कट्ट्यावर हात टेकायला गेली, पाय शेवाळावर पडला आणि बसली मटकन. फार लागलं नाही. मी धावले, आत्याबाई धावल्या. तुम्ही गोठ्याच्या दारात उभ्या, हातात शेणाची पाटी, आणि चेहरा असा सोज्वळ.

"पुन्याचं हुतं," म्हणालात, "पुन्याला लागलं."

आई हसली आधी. मग आत्याबाई. शेवटी मी. त्या दिवशी मला वाटलं, यांचा शब्द पुणेच होता. पण मग रात्री आईचे पाय चेपताना तुम्ही तिला म्हणत होतात की तुजी लेक गुनाची हाय, जरा घाई करती. मी भिंतीआडून ऐकलं आणि पुन्हा घोळ झाला.

मी तुम्हाला विचारलं, नाही असं नाही. माझा थोरला रांगायला लागला तेव्हा विचारलं. त्याला टाक्यापासून राखायचं काम तुमच्याकडे होतं, त्याच्या कमरेला धोतराची पट्टी बांधून दुसरं टोक तुम्ही स्वतःच्या पायाला बांधायचात. तुम्ही म्हणालात, ज्याचं त्यानं वळखावं. मग कितीतरी वर्षांनी, आत्याबाई गेल्यावर, पुन्हा विचारलं. आता सांगायला काय हरकत? तुम्ही म्हणालात, कालवणात मीठ हाय का बघ.

आणि मागच्या महिन्यात, खाटेवर. बोलणं कमी झालं होतं तुमचं, पण नजर सगळीकडे फिरायची. मी पाय चोळत होते. म्हटलं, वन्सं, आता तरी. कुठलं पुणं? मी तेव्हा गाठोडं बांधलं होतं, ठाऊक आहे? दोन लुगडी आणि वही.  मला वाटलं झोपलात.

मग म्हणालात, "सगळं काडायचं न्हाई."

मला वाटलं टाक्याबद्दल बोलताय. म्हटलं, नाही काढत. तुम्ही डोळे मिटून हसलात. ते हसू मी गेले तेरा दिवस उलटसुलट करून बघतेय.

एक गोष्ट सांगायची राहिलीच. नात सई, ती मारुंजीला राहते नोकरीपायी, तुम्ही गेलात त्या मंगळवारी सकाळी आली होती. तिने फोनवर शोधून मला वाचून दाखवलं की पाण्यात सावकाश कुजणाऱ्या पेंढ्यातून काहीतरी सुटतं. ते असलेल्या शेवाळाला मारत नाही, नवीन वाढू देत नाही. आणि नेमकं काय सुटतं हे अजून शिकलेल्यांनाही पुरतं ठरवता आलेलं नाही. म्हणजे पेंढा बोलतो, वन्सं. काय बोलतो ते कुणाला ऐकू आलेलं नाही, एवढंच. मी ठरवलं होतं तुम्हाला जेवण झाल्यावर सांगायचं, जरा खुलवून, तुमची फजिती न करता माझी करून. तुम्ही दुपारी पेज घेतलीत आणि झोपलात, आणि उठला नाहीत. साठ वर्षांचं भांडण हरले मी, आणि हरल्याचं सांगायला दोन तास उशीर झाला.

आता आज सकाळचं. मी इथे बसले होते आणि सई आली, ओंजळीत भात घेऊन. कालच्या जेवणातला उरलेला.

"आजी, आत्याआजीच्या नावानं माशांना घालते," ती म्हणाली. ओंजळ पाण्यावर नेली तिने.

माझा हात तिच्या मनगटावर कधी गेला मला कळलं नाही. "थांब," म्हटलं. "त्याचं शेवाळ होतं. पुण्याचं शेवाळ."

आणि माझं बोलणं मलाच ऐकू आलं.

सई जन्माने पुण्याची. तिचा चेहरा पडला, ओळखीचा वाटावा इतका. "म्हणजे काय? आम्ही पुण्याचे म्हणून?"

वन्सं, खोटं सांगत नाही. बोलणारी मीच होते, दोन क्षणांपूर्वी बोलले होते, तरी मला काय म्हणायचं होतं ते मला माहीत नव्हतं. पुणेही नाही, पुण्यही नाही. मला तिचा हात थांबवायचा होता. पाणी बिघडू नये आणि पोरीला कुणी बोल लावू नये, एवढंच डोक्यात होतं. तोंडाला जो शब्द सापडला तो निघाला. साठाहून जास्त वर्षं मी त्या शब्दाच्या दोन्ही बाजू घासून बघत बसले, आणि तुम्ही बहुतेक नुसतं मनगट धरलं होतंत.

बहुतेक. तळ दिसतोय इतकंच म्हणते. बाकीचं राहू देते.

सईची ओंजळ मी कोंबड्यांकडे वळवली आणि चार शितं तिच्या बोटांत दिली. ती पाण्यावर पडली, मासे वर आले, आणि तळाला काही गेलं नाही. ती अजून विचारतेय, कुठल्या पुण्याचं, आजी, सांग ना. गोठा आता राहिला नाही, पण त्याच्या भिंतीमागे जुनी मडकी पडलेली आहेत. मी तिला म्हटलं, फुटकी चालतील, चार घेऊन ये.